नावाड्याच्या पानावरचं पाणी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की मी त्या काळच्या कॉम्प्युटरची नक्कल करून दाखवायचो. एक पान उघडायला किती वेळ लागायचा, तेवढ्यात माणूस खाली जाऊन कॉफी पिऊन कसा यायचा. लोक हसायचे आणि विषय तिथंच मिटायचा. बायकोलासुद्धा मी कधी सांगितलं नाही. चित्रकार दत्तूअण्णांचं नाव निघालं की मी गप्प होतो तो मायेमुळं, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. माया होतीच. पण गप्प होण्याचं कारण ते नव्हतं.

आता पुन्हा अवरेकाईचे दिवस आलेत. बंगळुरातला डिसेंबर म्हणजे सकाळचं धुकं, कानटोप्या घातलेली माणसं आणि फुटपाथवर पोत्यांवर ओतलेले हिरव्या शेंगांचे ढीग. बाहेरचा कोणी तिला पावट्याची शेंग म्हणेल. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण ही शेंग मात्र अवरेकाईच. चांगल्या शेंगेला एक तेलकट, हिरवट वास असतो आणि तो सोलणाऱ्याच्या बोटांना दुसऱ्या दिवसापर्यंत सोडत नाही. काल सून समोर बसून सोलत होती. तो वास नाकात शिरला आणि मी राजाजीनगरातल्या त्या वरच्या मजल्यावर जाऊन पोचलो.

खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर आमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी एक गॅलरी. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मूर्ती नावाचे एक हौशी गृहस्थ मुलांसाठी कन्नडमध्ये चित्रकथा काढायचे. राजाराणीच्या, चतुर कोल्ह्याच्या, गावोगावच्या आज्ज्या सांगतात तसल्या गोष्टी. अंक उन्हाळ्याच्या सुट्टीत विकायचे, म्हणून पानं थंडीत तयार व्हायची. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, दत्तूअण्णांचं उतरतं टेबल. आतल्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर. पडद्यावरचे रंग नीट दिसावेत म्हणून माझ्या खिडकीला जाड काळं कापड लावलेलं असायचं. अण्णा उजेडात काढायचे, मी अंधारात रंगवायचो.

आम्ही रंगारी. आजोबांच्या, वडिलांच्या काळात पेटेतल्या, म्हणजे बंगळुराच्या जुन्या बाजारातल्या, आमच्या घरी रेशमाचं सूत रंगवायचे. वडिलांचे हात मनगटापर्यंत कधी निळे असायचे, कधी कुंकवासारखे लाल. सणाच्या दिवशी जेवायला बसले तरी नखांत रंग असायचाच. लडी पिळून झाली की ते ती घेऊन दारात जायचे, उन्हात धरायचे. म्हणायचे, ‘‘रंग दारात बघावा. आत सगळेच रंग बरे दिसतात.’’ हे मी एकदा अण्णांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ब्रश खाली ठेवावा लागला.

‘‘आणि तू रे रंगाऱ्या? दार लावून, पडदा ओढून रंगवालास की! दाखव हात. अरे, नवरदेवासारखे स्वच्छ हायत बघ.’’

तेव्हापासून मी त्यांचा ‘रंगाऱ्या’ झालो. ते निपाणीकडचे. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग मासिकांत चित्रं काढली, मग बायको गेल्यावर मुलीच्या नोकरीमागून बंगळूरला आले. साठीला टेकले होते. बोलणं सीमाभागातलं, मराठीत कन्नड आणि कन्नडात मराठी कालवलेलं. घोड्याची पाठ ते एका श्वासात काढायचे. मानेपासून शेपटीपर्यंत ब्रश उचलायचे नाहीत. पूर्ण झाली की श्वास सोडायचे, तो आतल्या खोलीत मला ऐकू यायचा.

त्या काळी चित्रकथेचं एक पान कसं व्हायचं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं. अण्णा छापायच्या पानापेक्षा मोठ्या कागदावर काढायचे. आधी फिकट निळी पेन्सिल, मग त्यावर काळी शाई. स्कॅनर लहान, म्हणून पान दोन तुकड्यांत आत घ्यायचं आणि पडद्यावर सांधायचं. नंतर एक कळ सरकवायची. तिच्या अलीकडचं सगळं पांढरं, पलीकडचं सगळं काळं. निळी पेन्सिल नाहीशी व्हायची, कागदाचा मळ जायचा, उरायची फक्त शाईची रेघ. ती रेघ वरच्या थरात ठेवायची आणि खालच्या थरात रंग ओतायचे. अक्षरशः ओतायचे. पडद्यावर रंगाच्या डब्याचं चित्र असायचं. तो डबा चेहऱ्यावर नेऊन कळ दाबली की सगळा चेहरा एकदम गव्हाळ व्हायचा. पण त्यासाठी रेघ बंद हवी. कुठं केसाएवढी फट राहिली तरी रंग त्यातून बाहेर सांडायचा. राजाच्या गालातून गव्हाळ रंग निघून आकाशभर पसरायचा. मागं फिरायची सोय एकदाच होती, शेवटची एक चूक पुसता यायची. त्याआधीची राहिली की राहिली.

असाच एक अवरेकाईचा मोसम होता. दुपारी वीज गेली. मूर्तींच्या घरून शेंगांची पिशवी आली होती, संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. वीज नाही तर काम नाही, म्हणून आम्ही तिघं वर्तमानपत्र पसरून सोलायला बसलो. काही दाणे आधीच भिजवलेले होते, त्यांची वरची साल काढायची होती. दाणा चिमटीत धरून दाबला की आतली डाळ टुणकन बाहेर उडते. लहान मुलंसुद्धा करतात. अण्णांचा दाणा चिमटीत राहीना. एक गॅलरीत गेला, एक मूर्तींच्या चष्म्यावर बसला.

‘‘अण्णा, माझ्यावर नेम धरताय का?’’ मूर्ती कन्नडमध्ये म्हणाले.

‘‘पगार वाढवत नाही तर काय करू?’’ अण्णाही कन्नडमध्ये म्हणाले. आम्ही हसलो. मग ते हात मांडीखाली घालून बसले आणि निपाणीच्या बाजारातली एक लांबलचक गोष्ट सांगत राहिले. त्यांनी पुढं एकही दाणा सोलला नाही. मी ते बघितलं.

त्याच महिन्यात रंग सांडायला लागले. अण्णांच्या रेघेत बारीक कंप आला होता. कागदावर तो दिसायचा न दिसायचा, पण ती कळ सरकवली की रेघ जागोजागी तुटायची. काळं-पांढरं करणाऱ्या यंत्राला थरथर कळत नाही. मी फटी बुजवायला लागलो. चित्र मोठं करायचं, इतकं मोठं की घोड्याचा डोळा पडद्याएवढा व्हावा, आणि एकेक ठिपका टाकून रेघ जोडायची. एवढं तर कुठल्याही रंगवणाऱ्याला करावंच लागतं. त्यात काही पाप नव्हतं.

पण फट बुजवता बुजवता शेजारचा कंगोरा दिसायचा. तो घासला की पलीकडचा खुपायचा. हळूहळू मी सगळीच रेघ सरळ करायला लागलो. अण्णांना विचारलं नाही. त्यांचं मन दुखावू नये म्हणून विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ते सुरुवातीला खरंही होतं. मूर्तींनी नवा चित्रकार बघायला घेऊ नये, ही काळजीही खरी होती. पण आता खोटं कशाला बोलू? मला ते आवडायला लागलं होतं. घोड्याची पाठ मला जन्मात काढता आली नसती. अण्णांनी काढलेल्या पाठीवरून माऊस फिरवताना मात्र ती आपणच काढतोय असं वाटायचं.

अंक छापून आले की अण्णा रेघ बघून खूष व्हायचे. त्यांनी त्याची आपली एक समजूत लावली होती. मोठं काढलेलं चित्र छापताना लहान होतं, आणि लहान होताना हाताची थरथर त्यात मुरते. ‘‘लोणच्यातलं मीठ मुरतं की नाही, तसं.’’ समजूत अगदीच खोटी नव्हती. चित्र लहान केलं की रेघ घट्ट दिसते, हे कुठलाही छापखानेवाला सांगेल. पण एवढी नाही.

त्यांची मुलगी शैला बोम्मसंद्र्याला एका कारखान्याच्या ऑफिसात होती. सुट्टीच्या दिवशी कधी वडिलांचा डबा घेऊन यायची. पुढच्या थंडीत एकदा आली ती भांडतच.

‘‘काका, तुम्ही तरी सांगा बाबांना. सकाळी शर्टाची बटणं मी लावून देते. डॉक्टरकडं चला म्हटलं तर ऐकत नाहीत.’’

‘‘थंडी हाय म्हणून होतंय. हे बघ.’’ अण्णांनी उन्हाळ्यातला अंक तिच्यापुढं उघडून धरला. ‘‘दाखव, कुठं थरथरलाय हात? डॉक्टर बेडा, नको. आजाऱ्याचा हात असा चालतो काय?’’

शैलानं पान बघितलं. मग ती हळूच आतल्या खोलीच्या दाराशी आली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा निळसर दिसत होता.

‘‘काका, छपाईत खरंच असं होतं?’’

‘‘होतं,’’ मी म्हणालो. ‘‘लहान केल्यावर रेघ सुधारते.’’

तिनं मान हलवली आणि गेली. तिला विश्वास ठेवायचा होता. मी तिला तेवढी मदत केली. ते वेळेत डॉक्टरकडे गेले असते तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित फार काही नसतं. पण ते ठरवायला त्यांच्या हातात खरी रेघ हवी होती आणि ती माझ्याकडे होती.

मग नावाड्याची गोष्ट आली. एक म्हातारा नावाडी पुराच्या पाण्यातून गावाला पलीकडं नेतो, शेवटच्या फेरीत एकटाच परत निघतो आणि दिसेनासा होतो. शेवटचं पान जवळजवळ सगळं पाण्याचंच. अण्णांनी त्या पानाला फार दिवस लावले. मूर्ती दारातून डोकावून ‘‘अण्णा, स्वल्प बेगा,’’ म्हणायचे, जरा लवकर. अण्णा ‘‘सरी, सरी’’ म्हणायचे आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसायचे. एका सकाळी अण्णा ते पान घेऊन स्वतः आत आले. एरवी माझ्या अंधाऱ्या खोलीत यायचा त्यांना कंटाळा.

‘‘रंगाऱ्या, हे बघ. ह्यात मी हाताशी भांडलोच नाही. ब्रश पार टोकाला धरला, म्हटलं, थरथरतोस काय, थरथर. पाणी आपोआप आलं बघ.’’

मी ‘‘छान आहे, अण्णा,’’ म्हणालो. माझं लक्ष नव्हतं. रंग एकातून दुसऱ्यात हळूहळू उतरत जाण्याची एक नवी युक्ती मी तेव्हाच शिकलो होतो. हे एवढं पाणी गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंत कसं उतरवायचं, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. ते थोडा वेळ उभे राहिले. मग बाहेर गेले.

त्या पानाची रेघ मी सगळी सरळ केली. नावाड्याचा सुरकुतलेला गाल, वल्ह्याची मूठ, आणि पाणी. पाण्याची एकेक रेघ. मुद्दाम केलं असं म्हणालो तर तेही खोटं होईल. मी ते पान पान म्हणून बघितलंच नाही. इंच इंच मोठं करून बघितलं, आणि इतक्या जवळून प्रत्येक कंप चूकच दिसतो. उठून, कागद घेऊन गॅलरीच्या दारात गेलो असतो तर रंगाऱ्याच्या पोराला कळलं असतं, की नदीला थंडी वाजतेय, म्हाताऱ्याला भीती वाटतेय, आणि हे सगळं त्या हातातून आलंय. पडद्यावर माझं पाणी सुंदर दिसत होतं. विंचरलेल्या केसांसारखं.

अंकाचे गठ्ठे आले तेव्हा सकाळचं ऊन गॅलरीत होतं. मूर्तींनी सुतळी कापली. ओल्या शाईचा वास पसरला. पहिला अंक त्यांनी अण्णांच्या हातात दिला आणि शेवटचं पान स्वतःच उघडून म्हणाले, ‘‘अण्णा, सूपर! काय लाइन आहे, एकदम सुरीसारखी!’’

अण्णा अंक घेऊन उन्हात गेले. पान जवळ धरून बघितलं, लांब धरून बघितलं. मग वळले.

‘‘रंगाऱ्या, हे पाणी कुणाचं?’’

आवाज चढलेला नव्हता. मूर्तींना वाटलं, रंगांबद्दल विचारतायत. तेवढ्यात मी खरं बोलू शकलो असतो. ‘अण्णा, इकडं आत या,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

‘‘तुमचंच की, अण्णा,’’ मी म्हणालो. ‘‘छपाईत मुरतं ना.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मी आज इतका जडावलो नसतो. त्यांनी अंक टेबलावर ठेवला आणि कपाटातून जुने अंक काढले, त्या वर्षीचे, मागच्या वर्षीचे. एकेक उघडून, आपला घोडा, आपला राजा, आपली म्हातारी असं बोट ठेवत बघत गेले. बोट थरथरत होतं. त्याच्याखालची रेघ थरथरत नव्हती. मूर्ती फोनवर बोलत होते. मी आत जाऊन पडद्यासमोर बसलो.

त्या दिवशी त्यांनी ब्रश धुतले, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आणि घरी नेले. मूर्तींना सांगितलं, डोळे दुखतात. माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मूर्ती मलाच म्हणाले, ‘‘नोडी, बघा, रेघ इतकी चांगली असताना सोडून गेले. कलाकार असेच.’’ मी मान डोलावली. नावाड्याचं मूळ पान पुढं कुठं गेलं, मला माहीत नाही. मी शोधलंही नाही. सापडलं असतं तर कुणालातरी दाखवावं लागलं असतं.

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळात जुन्या चित्रकथांचा एक कार्यक्रम झाला. कार्यक्रम ठेवणारा मुलगा गुणी. स्वतः पाटीएवढ्या पडद्यावर पेननं चित्रकथा काढतो. त्यानं नावाड्याचं ते पान भिंतीएवढं करून दाखवलं. म्हणाला, ‘‘साठीतला हात आहे हा. बघा, एक थरथर नाही!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, ‘‘अण्णांचा हात म्हणजे देवाची देणगी.’’ पुन्हा टाळ्या.

नंतर कॉफी पिताना तो मुलगा कौतुकानं सांगत होता, ‘‘सर, आता आमच्या प्रोग्राममध्येच सोय असते. हात हलला तरी रेघ सरळ येते.’’

‘‘आणि नको असेल तर?’’ मी विचारलं.

‘‘बंद करायची. किती ठेवायची ते काढणाऱ्यानं ठरवायचं ना, सर.’’

मी कप खाली ठेवला आणि घरी आलो. म्हणून आता लिहितो आहे. ज्यांनी ते पान पाहिलं, वाखाणलं, त्यांनी एवढं समजून घ्यावं: त्या पानावरची रेघ दत्तूअण्णांची नाही. त्यांनी काढलेलं पाणी कुणीच पाहिलेलं नाही. ज्यानं पाहिलं त्यानं ते पुसलं.

मी त्यांना भेटायला गेलो होतो. काही वर्षांनी, शैला हेब्बाळच्या तळ्याजवळ राहायला गेल्यावर. बसमध्ये सगळी वाक्यं मनाशी जुळवली होती, स्टॉपवर उतरून पुन्हा एकदा म्हणून पाहिली होती. दार शैलानं उघडलं. अण्णा व्हरांड्यात खुर्चीत होते. वाळले होते, पण मला बघून चेहरा फुलला. ‘‘ये रे रंगाऱ्या! म्हातारा झालास की!’’ तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले, जावयाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. चित्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. शैलानं चहा आणला. त्यांना बशीतून प्यायची सवय. त्यांनी बशी उचलली आणि ती हेलकावायला लागली, चहा काठावरून धोतरावर ओघळला. माझा हात आपोआप पुढं गेला. मी बशी खालून धरली.

अण्णांनी मान वर केली.

‘‘सोड,’’ ते म्हणाले. ‘‘सांडू दे.’’

मी हात काढून घेतला. ते सावकाश, सांडत सांडत, सगळा चहा प्याले. शैला आतून फडकं घेऊन आली आणि तिथंच थांबली. बशी खाली ठेवून त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, ‘‘हां. आता बोल. काही सांगायला आलाईस काय?’’

‘‘नाही, अण्णा. सहजच आलो होतो.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले.

निघताना ते गेटपर्यंत आले. मी वळून हात केला, त्यांनीही केला. पुढल्या थंडीपर्यंत ते राहिले नाहीत. परतीच्या बसमध्ये मी ती वाक्यं पुन्हा म्हटली, अगदी न अडखळता, आणि त्यानंतर कितीदा म्हटली असतील त्याला गणती नाही. ती अशी होती:

अण्णा, ते पाणी तुमचं नव्हतं. तुमचं पाणी मी सरळ केलं, तुम्हाला न विचारता. आधीचे घोडेही केले, राजेही केले. शैलाशी खोटं बोललो. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमच्याशीही खोटं बोललो. हात थरथरत होता, अण्णा, आणि त्या हातानं काढलेलं चांगलं होतं. मला माफ करा.